समजा, बिल्डरने सही केली

कायद्याचा सल्ला : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : कायद्याच्या पुस्तकात पानोपानी ‘असे मानले जाईल’, ‘असे समजण्यात येईल’ हे शब्द दिसतात. जे घडलेच नाही ते घडले असे मानायचे, हा सरकारमान्य खोटेपणाच नाही का? (एक निवृत्त शिक्षक, नौपाडा, ठाणे)

उत्तर : खोट्यात कुणीतरी फसावे लागते. इथे कुणीच फसत नाही, कारण बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला, दोघांनाही हे खरे नाही हे माहीत असते. मानलेला भाऊ आठवा. तो भाऊबीजेला येतो, बहिणीच्या लग्नात नवऱ्याची कानपिळी करतो, पण वडिलांच्या घरात वाटा मागायला बसत नाही. नाते कशापुरते मानायचे हे सगळ्यांना ठाऊक असते, म्हणून ते टिकते. जे घडले नाही ते घडले असे मानण्याला कायद्यात कल्पित म्हणतात. त्याचा हिशेब असाच आहे.

आता याची गरज का पडते ते पाहू. नियम जुना असतो, गरज नवी असते आणि नियम बदलायचा अधिकार हातात नसतो. इंग्लंडच्या न्यायालयांसमोर ही अडचण फार होती. १७७४ च्या मोस्टिन विरुद्ध फॅब्रिगास या खटल्यात मिनॉर्का बेटावरच्या रहिवाशाने तिथल्या गव्हर्नरवर बेकायदा कैदेबद्दल लंडनमध्ये दावा लावला होता. परदेशात घडलेली गोष्ट लंडनच्या कोर्टापुढे आणायची म्हणून दाव्यात लिहिले गेले की मिनॉर्का हे लंडनमध्ये, चीप वॉर्डातल्या सेंट मेरी-ल-बो पॅरिशमध्ये आहे! अंदमान ठाण्याच्या जांभळी नाक्यावर आहे असे लिहून द्यावे, तसेच हे. समोरच्याला हे विधान खोडून काढायची मुभा नव्हती. भूगोल बदलला नाही. फक्त गव्हर्नरला जाब विचारायला एक दार उघडले.

यावर इंग्रज कायदेपंडित बेंथम भयंकर चिडत असे. व्यापारात ठकबाजीचा जेवढा उपयोग, तेवढाच न्यायात कल्पिताचा, असे त्याचे म्हणणे. उलट दुसरा इंग्रज कायदेपंडित हेन्री मेन याने १८६१ मध्ये मांडले की समाज पुढे जातो आणि कायदा मागे राहतो. ती दरी बुजवायची सर्वांत जुनी युक्ती म्हणजे कल्पित. (हाच मेन पुढे व्हाइसरॉयच्या कौन्सिलात विधी सदस्य म्हणून हिंदुस्थानात आला.) आमचा कौल मेनकडे, पण बेंथमची भीती पोकळ नव्हती. कल्पित आहे हे विसरून लोक ते खरे धरू लागले की घोटाळा सुरू होतो. खालच्या बहुतेक पत्रांत नेमके तेच झाले आहे.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी ठरवून दिल्या आहेत. एक, १९५३ च्या मुंबई राज्य विरुद्ध पांडुरंग विनायक या निकालातली : कल्पित मानायचेच तर त्याचे अटळ परिणामही मानावे लागतात, अर्ध्या वाटेत थांबता येत नाही. दुसरी, १९५५ च्या बेंगॉल इम्युनिटी प्रकरणातली : ज्या कामासाठी कल्पित आणले, त्या कामापलीकडे ते ताणायचे नाही. म्हणून ‘मानले जाईल’ दिसले की आधी शोधायचे : कोणत्या कलमासाठी, कोणाविरुद्ध आणि कोणत्या तारखेपासून.

प्रश्न : आमची सोसायटी २००४ मध्ये नोंदली गेली. बिल्डर कन्व्हेयन्स (जमीन-इमारतीचे हस्तांतरण) देत नाही, फोनही घेत नाही. डीम्ड कन्व्हेयन्स घेतले की जमीन आपोआप सोसायटीची होते, असे आमचे सेक्रेटरी म्हणतात. खरे आहे का? (वर्तकनगर, ठाणे)

उत्तर : ‘आपोआप’ हा शब्द आधी खोडा. मानीव अभिहस्तांतरणात, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्समध्ये, एकच गोष्ट कल्पिलेली आहे : बिल्डरची सही. त्याच्याकडे जो हक्क होता आणि जो त्याने करारात देऊ केला होता, तेवढाच त्याच्या सहीवाचून तुमच्याकडे येतो. जो हक्क त्याच्याकडे नव्हताच, तो कल्पिताने जन्माला येत नाही.

मोफा म्हणजे १९६३ चा सदनिका मालकी कायदा. करारात वेगळी मुदत नसेल तर सोसायटी नोंदल्यापासून ४ महिन्यांत प्रवर्तकाने, म्हणजे बिल्डरने, हस्तांतरण करून द्यायचे, असे त्याखालचे नियम सांगतात. तो देत नाही हे सगळ्या महाराष्ट्राला दिसत होते, म्हणून २००८ मध्ये कलम ११ मध्ये दुरुस्ती झाली आणि सक्षम प्राधिकाऱ्याला, म्हणजे जिल्हा उपनिबंधकांना, एकतर्फी हस्तांतरणाचे प्रमाणपत्र देण्याचा अधिकार मिळाला.

आता क्रम. सर्वसाधारण सभेत ठराव करून अर्ज कोण करणार, सह्या कोण करणार ते नावानिशी लिहा. बिल्डरला आणि जमीनमालकाला वकिलामार्फत नोटीस द्या, पोच जपा. मग नमुना ७ मधील अर्ज, त्यावर २,००० रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प. सोबत सोसायटीचे नोंदणी प्रमाणपत्र, ताजा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, सभासदांची यादी, प्रत्येकाचे इंडेक्स टू (करारनोंदणीचा उतारा), नमुन्यादाखल एक नोंदणीकृत करार, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र असल्यास तेही, आणि हस्तांतरणाच्या दस्ताचा मसुदा. सुनावणी होते, समोरच्याला बोलायची संधी मिळते. कायद्याने निर्णयाला ६ महिन्यांची मर्यादा घातली आहे. प्रत्यक्षात कागद अपुरे असले की तारखा लांबतात.

आदेश हातात आला की पेढे वाटून फाईल कपाटात ठेवणाऱ्या सोसायट्या आहेत. काम अर्धेच झालेले असते. मसुदा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी (मुद्रांक शुल्क किती ते ठरवायला) जातो. सभासदांनी आपापल्या करारावर भरलेले मुद्रांक शुल्क इथे वजा मिळते. पण एखाद्याचा जुना करार कमी मुद्रांकाचा निघाला तर त्याची तूट आणि दरमहा २ टक्के दंड वर येतो, म्हणून प्रत्येकाचे इंडेक्स टू आधीच तपासा. पुढे दुय्यम निबंधकाकडे दस्ताची नोंदणी आणि शेवटी सिटी सर्व्हे किंवा तलाठ्याकडे फेरफार. मालमत्ता पत्रकावर सोसायटीचे नाव चढेपर्यंत काम संपलेले नाही.

अडते कुठे? ठाण्यात सर्वांत जास्त एका जागी. बिल्डरकडे नुसता विकसन करार आणि कुलमुखत्यारपत्र असते, सातबाऱ्यावर मात्र मूळ शेतकऱ्याचे किंवा त्याच्या वारसांचे नाव. अर्जात फक्त बिल्डरला सामनेवाला केले आणि सातबाऱ्यावरची नावे सोडली, तर आदेश पुढे लंगडा पडतो. त्यातले कुणी वारले असेल तर वारसांची नावे काढा. मयताच्या नावे काढलेली नोटीस कुणालाच बजावली जात नाही. दुसरी अडचण क्षेत्रफळाची : मंजूर नकाशातला भूखंड, करारातला आकडा आणि पत्रकावरचा आकडा जुळत नाहीत. मोजणी आधी करून घ्या. तिसरी, एकाच लेआउटमध्ये चार-पाच इमारती असल्या की तुम्हाला पूर्ण भूखंड मिळत नाही. मोकळी जागा आणि रस्ते यांत प्रमाणशीर अविभक्त हिस्सा मिळतो.

एक गोष्ट सेक्रेटरींना मुद्दाम सांगा. ही सुनावणी संक्षिप्त स्वरूपाची असते आणि मालकीचा अंतिम फैसला तिथे होत नाही. जमीनमालकाला दिवाणी न्यायालयाचे दार उघडे राहते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये अॅव्हन आर्केडच्या प्रकरणात पुन्हा सांगितले. मात्र त्या भीतीने अर्ज टाळणे शहाणपणाचे नाही. दस्त हातात असलेली सोसायटी आणि नसलेली सोसायटी यांची पुनर्विकासाच्या टेबलावरची किंमत फार वेगळी असते.

याच विषयावर नेरुळहूनही पत्र आहे, त्यांना थोडक्यात : तुमची जमीन सिडकोची, साधारणपणे ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याची. बिल्डर स्वतःच भाडेपट्टेदार (किंवा भाडेपट्ट्याचा करार झालेला), म्हणजे त्याची सही कल्पिली तरी सोसायटीकडे येईल तो भाडेपट्ट्याचाच हक्क. मालकी सिडकोकडेच. तेव्हा आधी तुमच्या भूखंडाच्या भाडेपट्ट्याचे कागद काढा आणि सिडकोची परवानगी, हस्तांतरण शुल्क यांचा हिशेब लावा.

प्रश्न : बंगल्यावर मजला चढवायचा अर्ज महापालिकेत दिला. ७० दिवस झाले, उत्तर नाही. ६० दिवसांनी परवानगी मिळाल्याचे मानतात म्हणे. काम सुरू करू का? (कोलशेत, ठाणे)

उत्तर : थांबा, मिस्तऱ्याला इसार देऊ नका. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६, कलम ४५(५) मध्ये ते कल्पित आहे खरे. पण दिवस मोजताना लोक चुकतात. मध्येच पालिकेने त्रुटीचे पत्र पाठवले असेल तर तुमचे उत्तर पोचल्यापासून नवे ६० दिवस. ऑनलाइन प्रणालीत त्रुटीचा शेरा येऊन पडलेला असतो आणि अर्जदाराने तो उघडलेलाच नसतो. तेव्हा आधी आर्किटेक्टचे लॉगिन बघा.

समजा, दिवस खरोखर भरले. तरीही त्याच कलमाचे परंतुक (कलमाला जोडलेली अट) वाचा : प्रस्ताव विकास नियंत्रण नियमांशी काटेकोर जुळणारा हवा. जुळत नसेल आणि तुम्ही बांधलेच, तर ते बांधकाम ‘अनधिकृत असल्याचे मानले जाईल’ आणि अनधिकृत बांधकामावरच्या कारवाईची कलमे ५२ ते ५७ लागू होतील. एका कल्पिताने दिले ते दुसऱ्याने काढून घेतले! आम्हाला हे परंतुक आवडते. अधिकाऱ्याच्या आळसाचा फायदा प्रामाणिक अर्जदाराला मिळावा, चटईक्षेत्र चोरणाऱ्याला मिळू नये, एवढेच त्यात आहे.

म्हणून आर्किटेक्टकडून चटईक्षेत्र, सामासिक अंतरे (इमारतीभोवती सोडायची जागा) आणि उंची यांचा तक्ता नियमावलीच्या कलमांसह सही करून घ्या. जुन्या पायाला नवा मजला पेलेल का, याचा संरचना अभियंत्याचा दाखला घ्या. ६० दिवस कोणत्या तारखेला संपले आणि मानीव परवानगीनुसार काम सुरू करत आहोत, असे पत्र पालिकेला देऊन पोच घ्या आणि मगच कुदळ मारा. आवारातले झाड तोडायचे असेल तर त्याची परवानगी वेगळ्या कायद्याखाली. हे कल्पित तिथवर पोचत नाही.

आणि गप्प बसणे म्हणजे होकार, हा सार्वत्रिक नियमही समजू नका. माहिती अधिकारात ३० दिवस उत्तर आले नाही तर नकार दिल्याचे मानतात, कारण तिथे अर्जदाराला अपिलाचा रस्ता लवकर मोकळा व्हायला हवा. मौन एकच, पण कायद्याने त्याला दोन ठिकाणी दोन अर्थ दिले.

प्रश्न : वडील २०१६ पासून बेपत्ता आहेत. ७ वर्षे झाली की मृत मानतात, मग बँक आणि विमा कंपनी पैसे का देत नाहीत? (डोंबिवली)

उत्तर : इथे कल्पित नाही, गृहीतक आहे. फरक मोठा आहे. कल्पित खोटे आहे हे माहीत असूनही मानतात, त्यामुळे पुराव्याने ते पडत नाही. गृहीतक बहुधा खरे असेल म्हणून धरतात आणि उलट पुरावा आला की ते कोसळते. वडील उद्या दारात उभे राहिले तर गृहीतक संपले.

भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ चे कलम १११ (जुन्या कायद्याचे १०८) एवढेच म्हणते की ज्यांना स्वाभाविकपणे त्यांची खबर लागली असती अशांना ७ वर्षे काही कळले नसेल, तर माणूस जिवंत आहे हे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर. कोणत्या दिवशी मृत्यू झाला हे ते सांगत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये एलआयसी विरुद्ध अनुराधा या प्रकरणात हेच स्पष्ट केले : प्रश्न न्यायालयासमोर येतो त्या वेळी तो मृत आहे एवढेच गृहीत, बेपत्ता झाला त्या दिवशी मेला असे नव्हे. त्यामुळे मधल्या काळात हप्ते थांबले असतील तर पॉलिसी बंद पडलेली असते आणि दावा फेटाळला जातो. घरातले माणूस हरवले की विम्याचा हप्ता सुचत नाही हे खरे, पण तो चालू ठेवा असेच आम्ही प्रत्येकाला सांगतो.

रोमन कायद्याने इथे खरेखुरे कल्पित वापरले होते. शत्रूच्या कैदेत मेलेला नागरिक पकडला गेला त्याच क्षणी मेला असे मानायचे. कारण कैदी म्हणजे गुलाम आणि गुलामाचे मृत्युपत्र चालत नाही. क्षणभर आधी मारला की मृत्युपत्र वाचते. आपल्या कायद्याने तारीख अशी बांधून दिलेली नाही.

तुम्ही काय करायचे : पोलिसांतल्या बेपत्ता नोंदीची प्रत आणि शोध लागला नसल्याचा दाखला घ्या, दिवाणी न्यायालयात मृत घोषित करण्याचा दावा लावा, नातेवाईक आणि शेजारी साक्षीला ठेवा. हुकूमनामा मिळाला की त्यावरून महापालिकेकडे मृत्यू नोंदवता येतो. बँक आणि विमा कंपनी तोच कागद मागते.

प्रश्न : चेक न वटल्याची नोटीस पाठवली. पाकीट ‘घेण्यास नकार’ शेऱ्याने परत आले. आता? (घणसोली, नवी मुंबई)

उत्तर : पाकीट फोडू नका, तसेच बंद ठेवा. पत्ता बरोबर, टपालखर्च भरलेला आणि पत्र नोंदणीने टाकलेले असेल, तर नेहमीच्या टपालवेळेत ते पोचले असे सामान्य वाक्खंड अधिनियम १८९७ (जनरल क्लॉजेस अॅक्ट), कलम २७ नुसार मानतात. उलट सिद्ध करणे समोरच्यावर. घणसोलीत एकाच नावाच्या दोन-तीन सोसायट्या सापडतात, तेव्हा विंग, सेक्टर आणि पिनकोड चुकला तर हा आधार गेला. बँकेकडून चेक परतल्याचे कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, पोचल्यापासून १५ दिवस पैसे भरायला, त्यानंतर एक महिन्यात तक्रार. नोटीस मिळालीच नाही असा कांगावा पुढे झाला तरी २००७ च्या अलवी हाजी निकालाने त्यावर उतारा दिला आहे : समन्स मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भर, नाहीतर ही सबब सांगू नकोस.

प्रश्न : आजोबा १९५८ मध्ये वारले. आजीने १९६२ मध्ये मुलगा दत्तक घेतला. तो आजोबांच्या मृत्यूच्या दिवसापासूनचा मुलगा ठरतो आणि वाटण्या उलटवू शकतो, असे वकील म्हणतात. (कळवा)

उत्तर : तुमचे वकील जुन्या कायद्याबद्दल बोलत असावेत. दत्तक पुत्राला शास्त्रात ‘पुत्रच्छायावह’ म्हणजे पुत्राची छाया धारण करणारा म्हटले आहे आणि विधवेने घेतलेले दत्तकविधान पतीच्या मृत्यूच्या दिवसाशी नेऊन जोडायचे, हे जुने कल्पित होते. त्यातून फार गोंधळ होत. वाटण्या झालेल्या, जमिनी विकलेल्या, आणि वीस वर्षांनी एक मुलगा येऊन म्हणायचा की मी तेव्हाच होतो.

१९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने ही गाठ सोडवली. कलम १२ प्रमाणे मूल दत्तकाच्या तारखेपासून दत्तक घराचे. जन्मघराशी नाते तुटते, पण परंतुके तीन : जन्मघरातल्या ज्यांच्याशी विवाह निषिद्ध होता तो निषिद्धच, दत्तकापूर्वी त्याच्याकडे निहित झालेली (हक्काने आलेली) मालमत्ता त्याचीच, आणि दत्तकापूर्वी दुसऱ्याकडे निहित झालेली मालमत्ता त्याला हिरावता येत नाही. १९५८ मध्ये वारसांकडे गेलेले हिस्से म्हणून सुरक्षित. एक अपवाद तपासा. कुटुंब १९६२ मध्ये एकत्रच असेल आणि वाटप झालेले नसेल, तर दत्तक मुलगा सहदायाद (एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतला वाटेकरी) म्हणून आत येऊ शकतो. त्याने इतरांचा वाटा घटतो, पण कुणी निहित हक्क गमावला असे होत नाही (वसंत विरुद्ध दत्तू, १९८७). तेव्हा जुने फेरफार काढून वाटपाची तारीख आधी शोधा.

प्रश्न : गंगेला व्यक्ती मानले, देवाला मानतात, तर ठाण्याच्या खाडीला का नको? भराव टाकणाऱ्यावर खाडीच दावा लावेल. (ऐरोली)

उत्तर : कल्पना मोहक आहे, पण व्यक्ती मानले की तीन माणसे शोधावी लागतात : बोलणारा, खर्च करणारा आणि दंड भरणारा. देवाच्या बाबतीत वहिवाटदार किंवा विश्वस्त बोलतात, उत्पन्नातून खर्च होतो, आणि १९६९ च्या जोगेंद्रनाथ नस्कर निकालानंतर मूर्तीकडून प्राप्तिकरही घेता येतो. तरी हे कल्पित वाटेल तिथे लागत नाही. २०१९ च्या अयोध्या निकालात रामलल्ला विधिमान्य व्यक्ती ठरले, पण जन्मस्थानाची जमीन स्वतः व्यक्ती आहे हे म्हणणे न्यायालयाने नाकारले.

गंगा-यमुनेचे तुम्ही लिहिता ते अर्धेच. उत्तराखंड उच्च न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये तसे घोषित केले आणि जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. पुरात कुणाचे घर गेले तर नदीवर दावा लागेल का, आणि अनेक राज्यांतून वाहणाऱ्या नदीची जबाबदारी एका राज्याच्या अधिकाऱ्यांनी कशी घ्यायची, या प्रश्नांना उत्तर नव्हते. न्यूझीलंडने त्याच वर्षी व्हांगानुई नदीसाठी कायदा करताना हे आधीच बांधून घेतले : एक प्रतिनिधी सरकारचा, एक माओरी जमातींचा.

खाडीसाठी तोवर बसून राहायचे कारण नाही. तिचा मोठा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर क्षेत्रही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा). कांदळवन तोडण्यावर मुंबई उच्च न्यायालयाची २००५ पासून बंदी आहे आणि २०१८ च्या निकालात कांदळवनाभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही संरक्षित धरला आहे. भरावाची डंपर गाडी दिसली तर तारीख-वेळ आणि स्थान दिसेल असा फोटो, गाडीचा क्रमांक आणि जवळच्या खांबाची किंवा पुलाची खूण घेऊन कांदळवन कक्ष, तहसीलदार आणि पोलीस या तिघांना एकाच दिवशी लेखी तक्रार द्या. जागेचा सर्व्हे नंबर जोडलात तर ‘हे आमच्या हद्दीत नाही’ हे उत्तर मिळायला जागा उरत नाही.